सव्वातीन हात

आमचं मुरार हा ग्वाल्हेर शहराचाच एक भाग. तरी मुरारच्या माणसाला ‘कुठं निघालात?’ असं विचारलंत, तर तो अजूनही ‘लष्करला’ नाहीतर ‘ग्वाल्हेरला’ असंच उत्तर देईल. किल्ल्याच्या पायथ्याचं जुनं ग्वाल्हेर, दौलतराव शिंद्यांच्या तळातून १८१० च्या सुमारास वाढलेलं लष्कर, आणि इंग्रजांच्या छावणीचं मुरार, अशी ही तीन गावं एकमेकांना चिकटत गेली आणि त्यांचं एक शहर झालं. लष्करच्या मोहल्ल्यांना आपल्या माणसांची नावं आहेत. चिटणीस की गोठ, बक्षी की गोठ, आपटे की पायगा. आमच्या मुरारच्या चौकांना मात्र नुसते आकडे : सहा नंबर, सात नंबर. १८८६ साली इंग्रजांनी किल्ला आणि मुरार शिंदे सरकारांना परत दिलं आणि त्याच्या बदल्यात झाशी घेतली. त्या देवघेवीत आम्हा मुरारकरांच्या वाट्याला काय आलं म्हणाल, तर सरळ रस्ते. बेळगावच्या कॅम्पात हिंडलेल्या वाचकांना या सरळपणाची कल्पना यावी.

या सरळ रस्त्यांवर मी साठ वर्षं सायकल चालवतो आहे. ‘चालवत होतो’ असं लिहायची वेळ अजून आलेली नाही, पण त्यावरून घरात दोन तट मात्र पडलेले आहेत. एका तटात मी आणि माझी नात. दुसऱ्या तटात मुलगा आणि सूनबाई. आणि वारा पाहून बाजू बदलणारी आमची ही.

सायकल आमच्या घरात नानांपासूनची. नाना मध्य भारत सरकारच्या नोकरीत होते, कचेरी मोतीमहालात. १९५६ च्या नोव्हेंबरात मध्य भारत जाऊन मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, पण नानांचं टेबल काही हललं नाही. फक्त दारावरची पाटी बदलली. रोज सकाळी धोतराच्या सोग्याला चिमटा लावून ते मुरारहून निघत. थाटीपूर, पडाव, फूलबाग असा रस्ता. हँडलला कापडी पिशवी, तिच्यात डबा आणि एखादी फाईल. संध्याकाळी दिवेलागणीला घंटीचा आवाज आला की आई चहाचं आधण ठेवी. ती घंटी इतक्या जणांची सारखीच असे, पण नानांची आईला बरोबर ओळखू येई.

त्या काळी रस्त्यावर टांगे, बैलगाड्या, हातगाड्या आणि सायकली. मोटार दिसली तर पोरं मागे धावत. आज नवल वाटेल, पण तेव्हा रस्त्यावरचा सगळ्यात वेगवान आणि म्हणून सगळ्यात उर्मट माणूस सायकलवाला होता. टांगेवाले त्याच्यावर खेकसत, म्हाताऱ्या त्याच्या नावानं बोटं मोडत. तेव्हा आजच्या मोटारवाल्यांविषयी लिहिताना मी हात राखून लिहिणार आहे. ज्याच्या पायाखाली वेग येतो त्याचा स्वभाव थोडा बदलतोच, आणि तो काही पेट्रोलचाच गुण नव्हे.

बिर्लानगरला जियाजीराव कॉटन मिल होती. १९२१ साली सुरू झालेली. तिचा भोंगा आमच्या घड्याळांपेक्षा खरा मानला जाई. पाळी सुटली की फाटकातून सायकलींचा जो लोंढा निघे, तो हजिऱ्याचा रस्ता पुरा व्यापून टाकी. एखादी मोटार किंवा सरकारी जीप त्यात सापडली तर चालक निमूटपणे बाजूला घेऊन इंजिन बंद करी आणि विडी पेटवी. कुठला नियम नव्हता, शिपाई नव्हता. त्यांची संख्या हाच त्यांचा कायदा होता. १९९० नंतर काही वर्षांतच मिल बंद पडली, भोंगा थांबला, आणि तो लोंढाही आटला. राहिलेले सायकलवाले सुटे सुटे झाले. सुट्या माणसाला रस्त्यावर कोण विचारतो?

आणि आमची ‘छोटी लाईन’. दोन फूट रुंदीच्या रुळांवरून ग्वाल्हेरहून श्योपुरला जाणारी, सुमारे दोनशे किलोमीटरची गाडी. माधवराव महाराजांना आगगाडीचं एवढं वेड की जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी फिरे, ती पाहुणे आजही पाहतात. बाहेरची खरी गाडीही त्या खेळण्याचीच थोरली बहीण वाटावी अशी. गावातून जाताना ती रस्त्याला बिलगून चाले आणि आम्ही पोरं सायकलीवरून तिच्याशी शर्यत लावत असू. बहुधा आम्ही जिंकत असू. २०२० च्या मार्चात टाळेबंदीत ती थांबली ती थांबलीच; आता मोठ्या रुळांचं काम चालू आहे. आगगाडी आणि सायकल एकाच रस्त्यानं शेजारी शेजारी जाऊ शकतात, हे आज सांगितलं तर नात हसते. पण जाऊ शकत होत्या, कारण दोघींचा वेग सारखा होता.

हे वाक्य लिहिलं आणि लक्षात आलं की मला जे सांगायचं आहे ते यातच आलं. पण गणिताचा मास्तर होतो, रीत दाखवल्याशिवाय उत्तर लिहायची सवय नाही.

त्याआधी थोडं भाषेचं. तुमच्याकडे घरात मराठी आणि बाजारात कानडी, तसं आमच्याकडे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. सायकल ही उंबऱ्याबाहेरची वस्तू, म्हणून तिची भाषाही हिंदीच. दांडीखालून पाय घालून चालवायला पुण्याचे मावसभाऊ ‘हाफ पेडल’ म्हणत, आम्ही ‘कैंची’ शिकलो. ते टांग मारून बसत, आम्हीही टांग मारत होतो, पण पडल्यावर ‘आई गं’ म्हणायचं की ‘हाय राम’ यावर आमच्या वाड्यात एकमत नव्हतं. मागून येणारा आम्हाला ‘किनारे चलो’ म्हणतो. किनारा! मराठीत तो नदीला असतो, समुद्राला असतो. रस्त्याला कडा असते, बाजू असते. हिंदीतला किनारा ऐकला की मला उगीचच वाटतं, रस्ता ही एक वाहती नदी आहे आणि माझं काम फक्त तिच्यात न पडण्याचं आहे.

तर आता रीत. सदर बाजारात संध्याकाळी जा. पायी माणसं, ई-रिक्षा, भाजीच्या हातगाड्या, स्कूटर, गाय, आणि मध्येच घुसलेली एखादी भली मोठी मोटार. कोपर कोपराला लागतं, आरसे आरशांना घासतात, भांडणं होतात. पण त्या गर्दीत सायकलवाला मेला असं मी साठ वर्षांत ऐकलेलं नाही. कारण तिथं सगळे ताशी दहा-बारा किलोमीटरनं सरकतात. आता तिथून निघून गोले का मंदिर चौकातून भिंडच्या रस्त्याला लागा. रस्ता रुंद, मोकळा, मालनपूरच्या कारखान्यांकडे जाणारे ट्रक. सायकलवाला ताशी बारा किलोमीटरनं, म्हणजे सेकंदाला सव्वातीन मीटर जातो. साठच्या वेगानं मागून येणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून अधिक. दर सेकंदाला ती त्याच्या तेरा मीटरनं जवळ येते. पौष महिन्यात आमच्याकडे असं धुकं पडतं की तीस मीटरपलीकडचं दिसत नाही. म्हणजे चालकाच्या हाती सव्वादोन सेकंद. त्यातला एक तरी सेकंद डोळ्यांनी पाहिलेलं पायापर्यंत पोहोचण्यात जातो. आणि धडकेचा जोर वेगाच्या पटीत नाही, वर्गाच्या पटीत वाढतो. विसाचे साठ झाले की जोर तिप्पट नव्हे, नऊपट. मी हे नववीच्या वर्गाला फळ्यावर करून दाखवत असे. मुलं वहीत उतरवून घेत आणि शाळा सुटल्यावर त्याच रस्त्यानं घरी जात.

लोक म्हणतात रस्ता रुंद करा, सगळं ठीक होईल. माझं म्हणणं असं आहे की रुंद केलेल्या रस्त्याची वाढीव जागा सायकलला मिळत नाही, ती वेगाला मिळते. उरलेली उभ्या गाड्यांना.

आमच्या मागच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत एक चौकीदार राहत असे. भिंड रस्त्यावरच्या एका गोदामावर रात्रपाळी करायचा. पन्नाशीचा, मुरैनाकडचा माणूस, मिशा भरघोस, बोलणं मोजकं. त्याची अ‍ॅटलास सायकल वीस-पंचवीस वर्षांची जुनी होती. त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी बंद पडला, ती बातमी मी त्याला वाचून दाखवली. तेव्हा सीटवर हात ठेवून तो म्हणाला, ‘‘मास्टरसाब, अब तो ये अनाथ हो गई.’’ दर रविवारी माझ्याकडे पंप मागायला येई. हवा मी भरू म्हटलं तर भरू देत नसे.

२०२३ च्या जानेवारीत, सकाळी सहाच्या सुमारास, पाळी संपवून परत येताना त्याला मागून कुणीतरी उडवलं. कुणी ते कळलं नाही. धुकं होतं. दूध घालायला निघालेल्या एका माणसानं त्याला पाहिलं, तोवर बराच वेळ गेला होता.

ठाण्यातल्या कागदावर लिहिलं होतं : अज्ञात वाहन. मी तो कागद तिच्या हातून, म्हणजे त्याच्या बायकोच्या हातून, वाचायला घेतला तेव्हा हे दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत राहिलो. सायकलीचं सगळं ज्ञात होतं. रंग काळा, कॅरिअरला बांधलेला डबा, मफलर, त्याचं नाव, बापाचं नाव, गाव. वाहनाचं काहीच नाही. हे दोन शब्द इथल्या हिंदी वर्तमानपत्रांत रोज कुठल्या ना कुठल्या पानावर असतात. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यात साडेचार हजारांहून जास्त सायकलवाले होते. एवढ्या आकड्यापुढे माणूस गप्प बसतो. मला त्या एका कागदाचंच जास्त आठवतं.

त्या बाईला कुणीतरी सांगितलं होतं की गाडी सापडली नाही तर पैसे मिळत नाहीत. हे खरं नाही, आणि तुमच्यापैकी कुणाच्या शेजारापाजारी अशी वेळ आली तर कामी यावं म्हणून इथं जरा विस्तारानं लिहितो. धडक देऊन पळून गेलेल्या वाहनामुळे मृत्यू झाला तर १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापत झाली तर पन्नास हजार रुपये भरपाईची योजना आहे. त्यापूर्वी ती रक्कम पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. गाडी सापडावी लागत नाही, उलट ती सापडत नाही म्हणूनच ही योजना. अपघात ज्या भागात झाला तिथल्या प्रांताधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदाराकडे अर्ज द्यायचा. बरोबर पोलिसांच्या खबरेची प्रत, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसाची ओळख, बँकेचं पासबुक. चौकशी अधिकाऱ्यानं महिन्याभरात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा आणि मंजूर झाल्यावर रक्कम थेट खात्यात जमा व्हायची. वकील लागत नाही. लागतो तो कागद वाचणारा शेजारी.

आम्ही अर्ज केला. महिन्याचे आठ महिने झाले. कधी शिक्का पुसट, कधी नावात ‘ई’ ऱ्हस्व की दीर्घ. मराठी माणसाला ऱ्हस्व-दीर्घाचं नवल नाही, पण त्यावर दोन लाख अडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. मुलगा मोटारीनं मला कचेरीत सोडायचा आणि जाताना म्हणायचा, ‘‘बाबा, आता तरी सायकल बंद करा.’’ त्याच्या बोलण्यात राग नसे. भीती असे.

त्याचं म्हणणं तुमच्यापुढे ठेवलं नाही तर अन्याय होईल. तो रोज सिटी सेंटरला जातो-येतो. म्हणतो, सायकलवाले रात्री दिव्याशिवाय येतात. उलट्या बाजूनं येतात. कानात मोबाईलच्या वायरी घालतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कडेनं सरळ चाललेला सायकलवाला काही सूचना न देता एकदम आत घुसतो. पहिल्या तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत. नानांच्या वेळी सायकलीला दिवा नसला तर शिपाई अडवी आणि माणूस दंड वाचवायला उतरून चालू लागे. आता ती लाजही राहिली नाही. रस्त्याचा कर आम्ही भरतो, असंही तो एकदा बोलून गेला. त्यावर मी फक्त घरपट्टीची पावती त्याच्यापुढे ठेवली. गल्लीचे रस्ते महापालिका करते आणि ती पैसे घरपट्टीतूनही घेते, मग दारात मोटार असो वा सायकल.

पण चौथी गोष्ट, ती आत घुसण्याची, तिच्यासाठी मी त्याला एका रविवारी सकाळी माझ्या सायकलवर बसवलं. मी नातीच्या सायकलवर मागे. बारादरीपासून थाटीपुरापर्यंत. काय म्हणावं त्याला, चाळीस वर्षांचा बाप्या, पहिल्या फर्लांगातच घामाघूम. ज्याला तो मोटारीतून ‘रिकामी कडा’ म्हणतो ती कडा त्यानं पहिल्यांदा जवळून पाहिली. आधी वाळू. मग गटाराची बसकी झाकणं, त्यातलं एक नाहीच. मग उभी मोटार, तिचं दार कधी उघडेल याचा नेम नाही. मग ई-रिक्षा, ती सवारी दिसली की जिथल्या तिथं थांबते. मग नळाच्या कामाचा खड्डा. प्रत्येक वेळी सायकलला हातभर आत यावं लागतं आणि प्रत्येक वेळी मागचा भोंगा वाजवतो. थाटीपूरला चहाच्या टपरीवर उतरल्यावर तो म्हणाला, ‘‘म्हणजे तुम्ही घुसत नाही, तुम्हाला ढकलतात.’’ मी काही बोललो नाही. मास्तरला एवढं उत्तर पुरतं.

मी स्वतः अगदी कडेनं जात नाही. कडेपासून दीड-दोन हात आत राहतो आणि सरळ रेषेत चालतो. नागमोडी जाणारा सायकलवाला मागच्याला कोडं घालतो. सरळ जाणारा त्याला उत्तर देतो. वळायच्या आधी मान वळवून मागच्या चालकाच्या डोळ्यांत पाहतो. हात नंतर दाखवतो, आधी डोळे. ज्यानं आपल्याला पाहिलं आहे तो सहसा मारत नाही. हल्ली मोटारींच्या काचा काळ्या असतात, त्यात डोळे दिसत नाहीत, तेव्हा मी थांबतो. हॉलंडमध्ये हान्स मोंडरमन नावाचा एक वाहतूक अभियंता होऊन गेला. त्यानं द्राख्तेन गावातल्या मोठ्या चौकातले दिवे आणि पाट्या काढून टाकल्या आणि सगळ्यांना एकमेकांकडे पाहूनच जायला लावलं. हे वाचलं तेव्हा आमच्या सात नंबरला तो माणूस काय म्हणाला असता असं वाटलं. इथंही सगळे बघूनच जातात. फक्त आमच्याकडे लहान गाडी मोठ्या गाडीकडे बघते, मोठी लहानीकडे बघत नाही.

हॉलंडला तरी हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. मग आईबाप रस्त्यावर बसले, ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा नावाची चळवळ उभी राहिली, पाठोपाठ १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. आज तिथं वर्षाला सातशेच्या आसपास बळी जातात. आमच्यासारखे लोक समजतात की त्यांची हवा थंड, जमीन सपाट, म्हणून ते सायकल चालवतात. हवा आणि जमीन १९७१ सालीही तीच होती. आणि पुणं? सायकलींचं शहर म्हणून मिरवणारं पुणं. तिथं मामांच्या सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला असे. आता तिथं सायकलचे वेगळे मार्ग आखले आहेत, पण गेल्या खेपेला पाहिलं तर त्यांवर स्कूटरी उभ्या आणि वडापावची गाडी. मार्ग आखणं आणि मार्ग मोकळा ठेवणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

वेगळा मार्ग मुरारला कधी होईल तो होवो. मला आजच्यापुरतं मागणं एवढंच आहे की सायकलला ओलांडून जाताना मध्ये जागा सोडा. जर्मनीनं २०२० साली हे अंतर कायद्यात घातलं : गावात दीड मीटर, गावाबाहेर दोन. इंग्लंडच्या रस्त्याच्या नियमांत २०२२ च्या जानेवारीत दीड मीटर आलं. आपल्याकडच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांतही पायी जाणारे, सायकलवाले, मुलं आणि वृद्ध यांची विशेष काळजी घ्यावी असं लिहिलं आहे. फक्त किती, ते मीटरमध्ये सांगितलेलं नाही. दीड मीटर म्हणजे आपल्या मापानं सव्वातीन हात. मुलाला मी हे अंगणात दोरी टाकून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘एवढं?’’ मेल्यावर माणसाला साडेतीन हात जागा लागते असं आपल्याकडे म्हणतात, आणि ती कुणी नाकारत नाही. हा जिवंत माणूस त्याहून पाव हात कमीच मागतो आहे.

जागा नसेल तर? मग मागे थांबायचं. सात नंबरपासून बारादरीपर्यंत सायकलमागे सरकत गेलात तर चहा निवण्याइतकाही उशीर होत नाही. हे मी मुलालाच घड्याळ लावून करायला सांगितलं होतं. त्यानं ते केलं की नाही, विचारलं नाही.

इकडे नात आठवीत गेली आणि तिनं हट्ट धरला की शाळेत सायकलनं जाणार. तिच्या वर्गात आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या दोन मुली आहेत. मध्य प्रदेश सरकार दूरच्या गावाहून शाळेत येणाऱ्या मुलींना सायकली देतं, तशा त्यांना मिळाल्या. बिहारनं २००६ साली मुलींना सायकली दिल्या तेव्हा देशभर कौतुक झालं. रास्तच होतं; ज्या मुलीला पायी जाणं लांब आणि बसला पैसे नाहीत, तिची शाळा सायकलमुळे टिकते. २०११ च्या शिरगणतीत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती आणि मोटार होती ४.७ टक्के घरांत. रस्ता पाहून हे कुणाला खरं वाटेल? सरकारनं मुलीला सायकल दिली. तिच्या पुढच्या रस्त्याचं काय, ते मात्र तिच्या आईच्या जिवाला घोर म्हणून राहिलं.

आमच्या सूनबाईही तेच म्हणाल्या. चौकीदाराचं ताजंच होतं. त्यात मेळ्याचे दिवस. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ पासूनचा, आमच्या रेसकोर्स रोडवरच भरतो. अलीकडे बऱ्याच वर्षी त्यात मोटार घेतली की रोड टॅक्समध्ये पन्नास टक्के सूट मिळते. म्हणजे ऐन धुक्याच्या दिवसांत हजारो नव्या गाड्या, हार घातलेल्या, कित्येक नवशिक्या हातांत, या रस्त्यांवर उतरतात. ‘‘तुमचं गणित बरोबर असेल, बाबा,’’ सूनबाई म्हणाल्या, ‘‘पण समोरच्यानं ते शिकलेलं नाही ना.’’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

महिनाभर घरात यावर बोलणं चाललं. शेवटी ठरलं ते असं. मोठ्या रस्त्यानं नाही. छावणीच्या आतल्या झाडांच्या रस्त्यानं, पाऊण किलोमीटर लांब पडला तरी. धुकं असेल त्या दिवशी नाही. आणि एकटी नाही. गल्लीतल्या तिघी आणि खेड्यांतून येणाऱ्या त्या दोघी, सात नंबरला भेटून पाच जणी एकत्र. दोघी-दोघी आणि एक पुढे. पाच सायकली एकत्र आल्या की मोटारवाला हळू करतो, हे मी मागे राहून चार दिवस पाहिलं. मिलच्या लोंढ्यापुढे पाच म्हणजे काहीच नाही. पण एकीपेक्षा पाच जणी लांबून दिसतात. पहिले दोन आठवडे सूनबाई स्कूटरवरून मागे जात होत्या. त्याबद्दल पोरीनं अबोला धरला होता. नंतर एक दिवस स्कूटर घरीच राहिली. आता त्या दाराशी उभ्या राहून घंटी ऐकतात. आधण मात्र ठेवत नाहीत, मुलीला चहा द्यायचा नाही म्हणून.

चौकीदाराच्या बायकोचे पैसे २०२३ च्या अखेरीस खात्यात आले. त्यातले काही गावच्या कर्जात गेले. सायकल ठाण्यातून सोडवून आणायला आणखी दोन खेपा झाल्या. पुढचा चिमटा वाकला होता, तो सदर बाजारातल्या मिस्त्रीनं सरळ केला, चाक नवं घातलं. आता त्याचा थोरला मुलगा ती चालवतो. एकोणीस वर्षांचा आहे, नोकरी तीच धरली, पाळीही रात्रीचीच. बापासारखाच रविवारी पंप मागायला येतो आणि बापासारखाच मला हवा भरू देत नाही. गेल्या दसऱ्याला नातीनं त्याच्या सायकलीला रेडियमच्या पट्ट्या लावून दिल्या. मागच्या मडगार्डला लाल, पुढे पांढरी, आणि दोन्ही पायडलांना पिवळ्या, कारण हलतं ते लवकर दिसतं असं तिनं कुठं तरी वाचलं आहे. माझा मुलगा तेव्हा अंगणात मोटार पुसत होता. त्यानं फडकं ठेवलं, हेडलाइट लावला आणि पोराला म्हणाला, ‘‘जरा फाटकापर्यंत चलाके दिखाओ.’’